मुलांचा लठ्ठपणा : दोष मदतीचा की मदतीच्या यादीचा?

लठ्ठपणा हे खात्यापित्या घराचे लक्षण, ही आपल्याकडची जुनी समजूत. गुबगुबीत मूल दिसले की 'चांगल्या घरचे दिसते' असे आपण सहज बोलून जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ही गोष्ट आज नेमकी उलटी झाली आहे. जे घर पोट भरण्यासाठी सरकारी मदतीवर अवलंबून आहे, त्या घरातले मूल प्रमाणाबाहेर जड असण्याचा संभव तेथे डॉक्टर-वकिलाच्या मुलापेक्षा अधिक असतो. १९७० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत त्या देशातील दोन ते एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी शेकडा पाच लठ्ठ होती. २०१७ ते २०२० या काळातील मोजणीत हे प्रमाण शेकडा १९.७ भरले. पाचांत एक मूल, आणि एकूण सुमारे एक कोटी सत्तेचाळीस लाख मुले.

लठ्ठ म्हणजे केवळ अंगाने भरलेले नव्हे. वय आणि उंची यांच्या मानाने वजन एका ठरलेल्या रेषेच्या वर गेले म्हणजे डॉक्टर त्या मुलाला लठ्ठ म्हणतात. पूर्वी चाळिशीनंतर दिसणारा मधुमेह अशा मुलांत कधी कधी बाराव्या-चौदाव्या वर्षीच दिसू लागतो. रक्तदाब चढतो, यकृतात चरबी साठते, गुडघे लवकर कुरकुरू लागतात. शाळेतली चेष्टा असते ती वेगळीच.

यावर तेथील काही लोक म्हणतात, 'सरकार फुकट खायला घालते, म्हणून गरीब फुगतात.' आपल्याकडेही रेशनच्या रांगेकडे पाहून असे बोलणारे भेटतात. आमच्या मते हा निवाडा घाईचा आहे. मदत मिळते म्हणून मूल लठ्ठ होते की मदतीच्या कागदावर काय लिहिले आहे यावर ते ठरते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची उत्तरे अमेरिकेत ऐंशीहून अधिक वर्षांच्या अनुभवातून मिळाली आहेत. शेतकऱ्याने ती समजून घ्यावीत याला आणखी एक कारण आहे. ही सारी मदत सुरू झाली ती शेतकऱ्याच्या पडलेल्या भावापासून.

कोठाराकडे पाहून केलेली यादी

१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले. ते सावरावेत म्हणून १९३३ साली सरकारने सुमारे साठ लाख डुकरे, बहुतेक पिल्लेच, विकत घेऊन मारवली. त्याच दिवसांत शहरांत माणसे फुकटच्या सुपासाठी रांगा लावून उभी होती. लोक संतापले, आणि मग शेतावरचा जादा माल भुकेल्या माणसापर्यंत न्यावा कसा याचा विचार सुरू झाला. या कामाचे पहिले प्रमुख मिलो पर्किन्स यांनी त्याचे एक चित्र उभे केले होते. एका कड्यावर शेतमालाचे ढीग, समोरच्या कड्यावर हात पसरलेली शहरातील माणसे, आणि मध्ये खोल दरी. त्या दरीवर जो पूल बांधला गेला तो म्हणजे फूड स्टँप, अन्नाची कुपने.

१६ मे १९३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात ती प्रथम वाटली गेली. मदतीवर असलेल्या कुटुंबाने एक डॉलरची नारिंगी कुपने विकत घेतली की पन्नास सेंटची निळी कुपने फुकट मिळत. नारिंगी कुपनांवर दुकानातले कोणतेही खाद्य घ्यावे. निळ्या कुपनांवर मात्र सरकारने 'जादा' म्हणून जाहीर केलेलाच माल मिळे: लोणी, अंडी, सुके घेवडे, संत्री असा. लोकांच्या पोटात चार घास जास्त गेले आणि शेतकऱ्याचा माल उठला. १९४३ साली युद्धामुळे जादा मालही उरला नाही आणि बेकारही उरले नाहीत, तेव्हा ही योजना थांबली.

योजना चांगलीच होती. पण निळ्या कुपनाची यादी करताना मुलाच्या ताटाऐवजी कोठाराकडे पाहिले गेले होते, हे लक्षात ठेवावे लागेल. १९४६ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी शाळेतील जेवणाच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यातही मुलांचे आरोग्य आणि शेतमालाचा खप असे दोन हेतू शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. दोन्ही हेतू एका दिशेने ओढतात तोवर ठीक चालते. कोठारात लोणी, चीज आणि पांढरे पीठ साठले की ते दोन बैल दोन दिशांना जाऊ लागतात.

आपल्या वाचकांतील वडीलधाऱ्या मंडळींना या कोठारांची ओळख आहेच. १९५४ साली अमेरिकेने जादा शेतमाल परदेशी पाठवण्याचा कायदा केला. तो आपल्याकडे 'पी. एल. ४८०' या नावाने घरोघर ठाऊक झाला. दूधभुकटी, बल्गर गहू, मक्याचे पीठ, तेलाचे डबे हा माल कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेसमार्फत अनेक धर्मग्रामांत पोहोचला आणि केअर या संस्थेमार्फत शाळांत शिजला. १९६० नंतरच्या टंचाईच्या वर्षांत मिलो नावाची तांबडी ज्वारी आली, ती खाताना नाके मुरडली तरी खाल्ली. त्या अन्नाने जीव जगले, हे नाकारण्यात अर्थ नाही. (त्याच गव्हाच्या पोत्यांतून गाजर गवत आपल्या बांधावर आले असे सर्रास म्हणतात. ते उपटताना पी. एल. ४८० ची आठवण काढणारे शेतकरी अजून आहेत.)

जादा मालाच्या मदतीचा सर्वांत कडू अनुभव खुद्द अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना आला. नॅवाहो लोक मका, भोपळा, घेवडा पिकवत, मेंढ्या पाळत, पीचच्या बागा राखत. १८६३-६४ साली सैन्याने त्यांची शेते आणि बागा उद्ध्वस्त केल्या आणि हजारो माणसांना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे नेऊन ठेवले. तेथे शिधा मिळे तो पीठ, मीठ, साखर, चरबी असा. त्यातून चरबीत तळलेला पाव हा पदार्थ जन्मला, आणि आज तो त्यांचा पारंपरिक पदार्थ समजला जातो! विसाव्या शतकात राखीव प्रदेशांतील मूळ रहिवाशांना पेट्या भरून सरकारी माल मिळू लागला. पेटीत असे ते पांढरे पीठ, चरबी, डबाबंद मांस, चीज. ताजी भाजी आणि फळे या पेट्यांच्या जोडीला आली ती १९९० नंतरच्या दशकात. मधल्या काळात मधुमेहाने या लोकांत घर केले.

त्यांची जमीन हिरावली गेली तेव्हा ताटही हिरावले गेले. नॅवाहोंचा प्रदेश सुमारे ७१ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ एकोणीसपट. तेवढ्या मुलखात मोठी किराणा दुकाने अवघी तेराच्या आसपास असल्याचे नेहमी सांगितले जाते. २०१४ साली नॅवाहोंच्या स्वतःच्या विधिमंडळाने कायदा करून गोड पेये, चिप्स असल्या मालावर दोन टक्के जादा कर बसवला आणि ताज्या भाजी-फळांवरचा कर काढून टाकला. एप्रिल २०१५ पासून तो अमलात आला.

मदत मिळालेली मुले पुढे कशी निघाली?

आता पहिला प्रश्न. मदतच मुळात मुलांना लठ्ठ करते काय? मदत घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या घरांची नुसती तुलना करून उत्तर मिळत नाही. मदत घेतात ती गरीब घरे, आणि गरीब वस्तीत लठ्ठपणा आधीच जास्त. रेशनच्या रांगेत उभे राहिल्याने माणूस गरीब होत नाही, गरीब असतो म्हणून रांगेत उभा राहतो, तसेच हे आहे.

पण अमेरिकेत एक सोयीची गोष्ट घडून गेली होती. १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांनी फूड स्टँप प्रयोग म्हणून पुन्हा सुरू केले, पहिल्या काही ठिकाणांत वेस्ट व्हर्जिनियातील खाणकामगारांचा गरीब मुलूख होता. १९६४ साली कायदा झाला. मात्र ही योजना सगळीकडे एकदम लागू झाली नाही. आपल्याकडील तालुक्या-जिल्ह्यासारखे तेथे 'काउंटी' असतात, आणि एकेका काउंटीत ती वेगवेगळ्या वर्षी पोहोचत १९७५ पर्यंत देशभर पसरली. त्यामुळे सारख्याच गरिबीत जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाला तान्हेपणापासून फूड स्टँप मिळाले, तर शेजारच्या काउंटीतील दुसऱ्याला ते वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी मिळाले, असे घडले.

हिलरी हॉइन्स, डायान शान्झेनबाख आणि डग्लस अल्मंड या अर्थशास्त्रज्ञांनी ही मुले मोठी झाल्यावर त्यांची माहिती तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. ज्यांना लहान वयात, विशेषतः पाच वर्षांच्या आत, ही मदत मिळाली होती त्यांच्यात मोठेपणी लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह या एकमेकांत गुंतलेल्या विकारांचे प्रमाण कमी आढळले. पोटात आणि पहिल्या वर्षांत उपासमार सोसलेले शरीर पुढे मिळेल ते साठवून ठेवायला शिकते, असे वैद्यक सांगते. त्याच्याशी हे जुळते. तेव्हा 'मदत बंद करा म्हणजे गरीब बारीक होतील' हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल.

पुढे १९७७ च्या कायद्याने कुपने विकत घेण्याची अट गेली, २००४ पर्यंत कागदी कुपनांची जागा देशभर कार्डाने घेतली आणि २००८ साली योजनेचे नाव बदलून 'स्नॅप' झाले. २०२४ साली तिचा लाभ चार कोटींहून अधिक माणसे घेत होती. माणशी दिवसाला सुमारे सहा डॉलर पडत. कार्डात पैसे महिन्यातून एकदाच भरले जातात, आणि पाहणीत असे दिसले की त्यातले शेकडा ऐंशीच्या आसपास पहिल्या पंधरवड्यातच खर्च होतात. आधी सुकाळ, नंतर ओढाताण. महिनाअखेरीस मुलांच्या ताटात उरते ते स्वस्त, टिकाऊ आणि पोट फुगवणारे. पगाराच्या किंवा उसाच्या बिलाच्या तारखेवर ज्यांचे घर चालते त्यांना हे फोडून सांगायला नको.

दुकान उघडले, ताट बदलले नाही

कार्डात पैसे आहेत, पण जवळ भाजीचे दुकानच नसेल तर? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या, ऐपतदार आणि बहुतांशी गोरी कुटुंबे शहराबाहेरच्या वसाहतींत राहायला गेली. सुपरमार्केटे त्यांच्या मागोमाग गेली. शहराच्या मध्यभागी गरीब आणि बहुतांशी काळ्या लोकांच्या वस्तीत राहिली ती कोपऱ्यावरची लहान दुकाने. त्यात कोला, चिप्स, सिगारेट, लॉटरीची तिकिटे, आणि फार तर चार डागाळलेली केळी. अशा भागांना तेथे 'अन्नाचे वाळवंट' म्हणू लागले. २००९ साली अमेरिकेच्या शेतीखात्याने मोजले तेव्हा ज्यांच्याकडे मोटार नाही आणि सुपरमार्केट एक मैलाहून लांब आहे अशी २३ लाख घरे निघाली. मैलभर चालणे म्हणजे आपल्याला काय मोठेसे? पण कडेवर मूल, हातात आठवड्याचे सामान, आणि पायवाट नसलेला हमरस्ता असे डोळ्यांपुढे आणले म्हणजे कळते.

उपाय सरळ वाटला: सुपरमार्केट उघडा. पेनसिल्व्हेनिया राज्याने २००४ साली त्यासाठी तीन कोटी डॉलर घातले आणि त्यातून गावा-शहरांतील अनेक दुकानांना हात मिळाला. पुढे फिलाडेल्फियातील एका गरीब वस्तीत नवे मोठे दुकान उघडले, तेव्हा संशोधकांनी उघडण्यापूर्वी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले. २०१४ साली निष्कर्ष छापून आला. भाजी-फळे आता जवळ मिळतात असे लोकांना वाटू लागले होते, पण त्यांच्या खाण्यात आणि वजनात फरक पडला नव्हता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी मोठ्या अभ्यासात असे दिसले की गरीब घराला श्रीमंत घराजवळचेच दुकान आणि तेच भाव दिले तरी दोघांच्या आहारातले अंतर शेकडा दहाच्या आसपासच भरून निघेल.

यावरून 'गरिबांनाच खायची अक्कल नाही' असे म्हणणारे निघालेच. त्यांनी एका आईच्या जागी उभे राहून पाहावे. लहान मुलाच्या जिभेला नवी भाजी रुचायला ती आठ-दहा वेळा पुढे ठेवावी लागते. पहिल्या सात वेळा मूल ती ताटाबाहेर सारते. ज्या घरात पैसा आहे तेथे ती भाजी टाकली जाते आणि आठव्यांदा पुन्हा शिजते. जेथे डॉलर मोजून खर्चायचे आहेत तेथे आईला टाकून देणे परवडत नाही. मूल जे हटकून खाईल तेच ती आणते, आणि मूल हटकून खाते ते गोड, तळलेले, पिठाचे. त्यातून दोन-दोन पाळ्यांची नोकरी करून रात्री घरी आल्यावर कोबी चिरायला अंगात त्राण उरत नाही. मोकळ्या वेळेचे मोल या हिशेबात कोणी धरत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

मग फरक पडतो कशाने? भावाने, हे एक उत्तर. २०११-१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील हॅम्पडेन काउंटीत सरकारने एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या स्नॅपधारक कुटुंबांनी भाजी-फळांवर एक डॉलर खर्च केला की त्यांच्या कार्डात तीस सेंट परत जमा होत. त्या घरांतील मोठी माणसे इतरांपेक्षा शेकडा २६ इतकी अधिक भाजी-फळे खाऊ लागली. उपदेशाची एक ओळ न छापता हे घडले.

एक कागद बदलला, दुकानही बदलले

दुसरे उत्तर आम्हाला सर्वांत बोधप्रद वाटते. अमेरिकेत गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी १९७२ पासून एक वेगळी योजना आहे. तिला 'विक' म्हणतात. एके काळी त्या देशातील जवळजवळ निम्म्या तान्ह्या बाळांना तिचा लाभ मिळत होता. स्नॅपच्या कार्डावर बहुतेक कोणतेही खाद्य घेता येते. विकचा कागद मात्र आपल्या रेशनकार्डासारखा आहे. कोणती वस्तू आणि किती, हे त्यावर लिहिलेले असते.

१९७० नंतर ही यादी केली तेव्हा चिंता होती ती प्रथिने, लोह, चुना आणि क जीवनसत्त्व कमी पडण्याची. म्हणून यादीत दूध, चीज, अंडी, फळांचा रस, लोह घातलेली धान्याची न्याहारी होती. ताजी भाजी नव्हती. तीसेक वर्षे ती यादी फारशी हलली नाही. मुले मात्र बदलली. त्यांची हाडे दिसत नव्हती, आता पोटे दिसू लागली.

ऑक्टोबर २००९ पर्यंत सगळ्या राज्यांत नवी यादी लागू झाली. मुलाच्या वाट्याचा रस महिन्याला सुमारे साडेआठ लिटर होता तो पावणेचार लिटरच्या आसपास आणला. दूध सुमारे तेवीस लिटरवरून पंधरावर आले, आणि दोन वर्षांवरील मुलांना साय काढलेले किंवा कमी स्निग्धांशाचे द्यायचे ठरले. कोंड्यासकट दळलेल्या धान्याचा पाव आला. भाजी-फळांसाठी महिन्याला मुलामागे सहा डॉलरचे वेगळे कुपन आले. अंगावर पाजणाऱ्या आईचा वाटा वाढवला, म्हणजे भुकटीच्या दुधाकडे ओढा कमी व्हावा. सहा डॉलर काही फार नव्हेत, पण ते दुसऱ्या कशावर खर्चताच येत नाहीत, ही त्यातली खुबी.

मात्र खरी मेख दुकानदाराच्या अटीत होती. ज्याला विकची कुपने घ्यायची आहेत त्याने किमान दोन तऱ्हेची फळे, दोन तऱ्हेच्या भाज्या आणि कोंड्यासकटच्या धान्याची न्याहारी दुकानात ठेवलीच पाहिजे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा पूर्वीचा सूर असा: 'भाजी ठेवतो, पण घेणार कोण? सडली तर भुर्दंड माझा.' आता परिसरातील प्रत्येक तरुण आईच्या हातात भाजीचेच कुपन होते. गिऱ्हाईक ठरलेले, पैसे सरकारचे. भाजी ठेवण्यातला धोका गेला. कनेक्टिकट राज्यातील दुकाने यादी बदलण्यापूर्वी आणि नंतर मोजली, तेव्हा गरीब वस्त्यांतील लहान दुकानांतही भाजी, फळे आणि कोंड्याचा पाव वाढलेला दिसला. तो माल एकदा दुकानात आला की विकचे कुपन नसलेल्या शेजाऱ्यालाही मिळणारच.

वजनाचे काय झाले? विकमधील दोन ते चार वर्षांच्या मुलांत लठ्ठपणा २००० साली शेकडा १४ होता, २०१० पर्यंत तो १५.९ वर चढला. त्यानंतर उतरत २०१६ साली १३.९ वर आला. हे सारे श्रेय एका यादीला देणे बरोबर होणार नाही, त्या वर्षांत इतरही प्रयत्न चालू होते. शिवाय उतार थोडा आहे, आणि २०१८ साली आकडा पुन्हा अर्ध्या टक्क्याने वर गेला. पण देशातील मोठ्या मुलांची वजने वाढत असताना सर्वांत गरीब घरांतील सर्वांत लहान मुलांची वजने खाली आली, ही गोष्ट साधी नव्हे. २०२४ साली यादी पुन्हा सुधारली गेली. मुलाचा रस आणखी निम्मा केला आणि भाजी-फळांचे कुपन दरमहा २६ डॉलरच्या आसपास नेले.

शाळेच्या जेवणातही असेच घडले. २०१० च्या कायद्याने ताटात भाजी-फळे आणि कोंड्याचे धान्य वाढवले, मीठ आणि गोड कमी केले. २०१२ पासून अंमल सुरू झाला तेव्हा मुले सफरचंदे केराच्या टोपलीत टाकतात अशी खूप ओरड झाली. २०२० साली छापलेल्या एका अभ्यासात सर्व मुले मिळून पाहिली तर फरक दिसला नाही. गरीब मुलांत मात्र दिसला. कायदा झाला नसता तर त्यांच्यातील लठ्ठपणा २०१८ साली होता त्यापेक्षा शेकडा ४७ इतका अधिक असता, असा संशोधकांचा हिशेब आहे. दुपारचे ते एक जेवण ज्यांना घरून बदलता येत नाही, त्यांनाच त्याचा उपयोग झाला.

स्नॅपवर कोला मिळावा की नाही, हा वाद मात्र अजून चालू आहे. न्यूयॉर्क शहराने २०१० साली बंदीची परवानगी मागितली, केंद्र सरकारने २०११ साली ती नाकारली. २०२५ साली वारे फिरले आणि नेब्रास्का राज्याला अशी परवानगी प्रथम मिळाली, मागोमाग इतर काही राज्यांनाही. नेब्रास्कातील अंमल १ जानेवारी २०२६ पासून ठरला. बंदीने गोड पेय कार्डावरून जाईल. पण गरीब माणूस खिशातल्या रोख पैशांनी ते घेणार नाही कशावरून? आमचा कल हॅम्पडेनच्या तीस सेंटांकडे अधिक आहे.

आपल्या बाजारात

आपल्याकडे अजून पहिली चिंता खुरटलेल्या मुलांची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील शेकडा ३५.५ मुले वयाच्या मानाने बुटकी निघाली. पण त्याच वयाची जादा वजनाची मुले आधीच्या पाहणीत शेकडा २.१ होती ती ३.४ झाली. आकडा लहान दिसतो, चार वर्षांतली चढण लहान नाही. आणि खुरटलेले मूलच पुढे पोट सुटलेला तरुण होते, हे वर आलेच आहे.

आपली यादी काय सांगते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. उपासमारीविरुद्ध हा मोठा बांध आहे. पण बहुतेक ठिकाणी तो तांदूळ-गव्हाचा बांध आहे. कायद्यात भरड धान्यही लिहिलेले आहे. डाळ, भाजी, अंडे यांची सोय घराने बघायची.

या बाबतीत गोव्याने एक निराळी वाट धरली आहे. राज्याचे फलोत्पादन महामंडळ गावोगावच्या गाड्यांवरून सवलतीच्या दराने भाजी विकते. त्यातली पुष्कळशी बेळगावकडून येते आणि काही गोव्यातील शेतकऱ्यांकडून घेतली जाते. भाव सरकार उतरवते, दुकान वाड्याच्या तोंडाशी असते आणि शेतकऱ्याला ठरलेले गिऱ्हाईक मिळते. अमेरिकेत ज्या तीन गोष्टी वेगवेगळ्या प्रयोगांनी शोधाव्या लागल्या त्या येथे एका गाड्यावर आहेत. मार्च २०२० च्या टाळेबंदीत बेळगावचे ट्रक अडले तेव्हा गोव्यातील घराघरांना या गाड्याची किंमत कळली, आणि इकडे बेळगावच्या शेतकऱ्यालाही कळली. पण येथेही तांदूळ एका दुकानात आणि भाजी दुसऱ्या गाड्यावर. कार्डावर भाजी नाही. ज्याच्या हातात महिनाअखेरीस रोकड नाही त्याला उतरलेला भावही चढाच.

आणि तिसरे दुकान असते शाळेच्या फाटकाशी, पाच-दहा रुपयांच्या पाकिटांचे. चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला आहे. तो मोडलेला दिसला तर पालकांनी आधी मुख्याध्यापकांना भेटावे. तेवढ्याने भागले नाही तर गोव्यात अन्न व औषध प्रशासनाकडे आणि कर्नाटकात अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी कळवता येते.